मुलांच्या हाती पुस्तक देणारे साने गुरुजी



स्मरणिकेसाठी विषय ठरला तो असा : मुलांना आणि नातवंडांना वाचायला काय द्यावे? आपल्यातले बरेच जण आता आजी-आजोबा झाले आहेत. काही शिक्षकी पेशात गेले आणि निवृत्तही झाले. आवडत्या पुस्तकांची यादी करायला बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. यादीतली निम्मी पुस्तके एकाच माणसाकडे बोट दाखवत होती. म्हणून यादी बाजूला ठेवली आणि त्या माणसाचेच चरित्र लिहायचे ठरवले. तो माणूस म्हणजे साने गुरुजी. त्यांनी वर्गात शिकवले ते जेमतेम सहा वर्षे. तरीही महाराष्ट्राने त्यांना कायम गुरुजीच म्हटले. असे का झाले, हे त्यांच्या पुस्तकांतून कळते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे एके काळचे खोताचे, पण गुरुजींच्या बालपणापर्यंत वैभव ओसरले होते आणि कर्ज वाढले होते. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. शिक्षण पालगडला, मग दापोलीला सुरू झाले. पुढे घरून पैसे येईनात. गरीब विद्यार्थ्यांची जेवणाची सोय होते असे ऐकून हा मुलगा दूर औंध संस्थानात गेला. तिथे हाताने स्वयंपाक करून, प्रसंगी उपाशी राहून तो शिकला. नंतर पुणे गाठले. १९१७ मध्ये आई गेली. शेवटच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता. ही सल त्यांच्या मनातून पुढे कधी गेली नाही.

या गरिबीत पोटाच्या भुकेइतकीच दुसरी एक भूक होती, ती पुस्तकांची. ज्या घरात मिठाला तेल जुळत नाही, त्या घरात पुस्तक कुठून येणार? ‘श्यामची आई’ मध्ये ‘मोठा होण्यासाठी चोरी’ नावाचे एक प्रकरण आहे. वाचनाची आवड असलेला श्याम पुस्तकासाठी पैसे चोरतो. चोरी उघडकीस येते आणि त्याला आईपुढे मान खाली घालून उभे राहावे लागते. पुस्तकात लिहिण्यासारखा हा काही अभिमानाचा प्रसंग नाही. तरी गुरुजींनी तो लिहिला. ज्याला पुस्तक मिळत नाही त्या मुलाच्या जिवाची काय तगमग होते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले, त्याचे मूळ मला इथे दिसते.

पुण्यात एम. ए. झाल्यावर ते खानदेशात अमळनेरला आले. आपल्या धामणगाव स्टेशनवरून मुंबईकडे जाणारी गाडी धरली, की बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ करत जळगाव येते. तिथून सुरतेकडे जाणाऱ्या फाट्यावर अमळनेर आहे. श्रीमंत प्रताप शेटजींच्या उदारतेने तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी गुरुजी तिथे गेले. पण ग्रंथांत त्यांचे मन फार काळ रमले नाही. १९२४ मध्ये ते गावातल्या हायस्कुलात शिक्षक झाले. हेच पुढचे प्रताप हायस्कूल.

शाळेबरोबर वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तिथल्या त्यांच्या वागण्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. मुले शाळेत गेली की हा मास्तर हातात झाडू घेऊन त्यांच्या खोल्या झाडत असे. कंदिलाच्या काचा पुसून ठेवी, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घडी करून ठेवी, एखाद्याचे मळलेले कपडे धुऊन वाळत घाली. परत आलेल्या मुलांना आपल्या पसाऱ्याची लाज वाटे आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच खोली आवरू लागत. कुणी आजारी पडले तर गुरुजी रात्रभर उशाशी बसत. आपल्या अमरावती जिल्ह्याने गाडगे महाराजांचा खराटा पाहिला आहे. दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आपण झाडायला लागावे, ही रीत आपल्याला नवी नाही. गुरुजींचा झाडू त्याच जातीचा होता.

वसतिगृहात त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक. रोज रात्री जागून ते स्वतःच्या हाताने लिहायचे आणि सकाळी मुलांना वाचायला लावून ठेवायचे. त्यात थोरांच्या आठवणी असत, जगातल्या घडामोडी असत, वसतिगृहातल्याच एखाद्या मुलाच्या चांगल्या वागण्याची नोंद असे. आपल्याकडे फळ्यावर सुविचार आणि बातम्या लिहिण्याची पाळी वाटून दिलेली असायची. दोन ओळी लिहितानाही किती कंटाळा यायचा, ते आठवून पाहा. आणि इथे एक शिक्षक रोज पानेच्या पाने लिहीत होता, वाचणारे होते केवळ त्याच्या वसतिगृहातले विद्यार्थी. १९२८ मध्ये याच धडपडीतून ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक निघाले.

त्या काळी मराठी मुलांना वाचायला होते तरी काय? विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले होते. वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ पासून निघत होते. लहान मुलांची थोडीफार सोय झाली होती. पण तेरा-चौदा वर्षांच्या, मिसरूड फुटू लागलेल्या मुलांच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न होताच. राजपुत्राच्या गोष्टींचे त्यांचे वय सरलेले आणि मोठ्यांचे ग्रंथ अजून पेलत नाहीत. गुरुजींनी या प्रश्नावर साधा उपाय काढला. आपल्याला जे पुस्तक आवडले ते मुलांनाही वाचता आले पाहिजे, आणि ते मराठीत नसेल तर आपणच लिहून काढायचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे चरित्र, ईश्वरचंद्र विद्यासागरांचे चरित्र अशी त्यांची पुस्तके याच ओढीतून आली.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. शाळा सोडायची की नाही, हा त्यांच्यापुढे मोठाच पेच असणार. मुलांवर त्यांचा जीव होता आणि मुलांना रोज जे सांगत होते, ते करून दाखवण्याची वेळही आली होती. त्यांनी राजीनामा दिला आणि ते सत्याग्रहात उतरले. पुन्हा ते शिक्षक म्हणून वर्गात गेले नाहीत. अटक झाली, धुळ्याचा तुरुंग झाला आणि तिथून त्यांना थेट दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठवले गेले. तिथे वेगवेगळ्या भाषांचे कैदी भेटले. भारत किती मोठा आहे आणि आपण एकमेकांबद्दल किती कमी जाणतो, हे त्यांना तिथे जाणवले. तिरुवळ्ळुवरांचा ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणला तो या तुरुंगवासातून. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे, ही पुढची ‘आंतरभारती’ची कल्पनाही याच अनुभवावर उभी राहिली.

१९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे आपल्या शेजारच्या वर्ध्याहून आलेले विनोबा होते. विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि गुरुजी ते भराभर लिहून घेत. अठरा अध्याय, अठरा रविवार. आज घरोघरी दिसणारी ‘गीता प्रवचने’ गुरुजींच्या त्या लेखणीमुळे आपल्यापर्यंत पोचली. पवनारला धाम नदीकाठी सहलीला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ते पुस्तक तिथून विकत घेतले असेल. दुसऱ्याचे बोलणे इतक्या मनापासून ऐकून उतरवून घेणे, हाही शिक्षकाचाच गुण.

त्यानंतर नाशिकचा तुरुंग. फेब्रुवारी १९३३ मध्ये, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा मोठा भाग लिहून काढला. दिवसा तुरुंगातले नेमून दिलेले काम, आणि उरलेल्या वेळात व रात्री लेखन. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण ४२. आश्रमातले सोबती रोज रात्री प्रार्थनेनंतर जमतात आणि श्याम त्यांना आईची एकेक आठवण सांगतो. पुढे पुण्याच्या विद्यार्थी गृहाने हे पुस्तक पिढ्यान् पिढ्या छापले. गरीब, होतकरू मुलांसाठी उभी राहिलेली ती संस्था. या पुस्तकाला तेच घर शोभते.

या पुस्तकाला रडवणारे पुस्तक म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पण ज्यांनी ते लहानपणीच वाचून ठेवून दिले, त्यांनी पुन्हा उघडून पाहावे. त्यातली आई नुसती प्रेमळ नाही, ती कडक आहे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती मार देऊन बाहेर काढते आणि विहिरीवर पाठवते. भाजीत मीठ राहून गेले तरी वडील एक अक्षर न बोलता जेवतात, असे एक प्रकरण आहे. वाचणाऱ्या मुलाला त्यातून जे कळते ते दहा व्याख्यानांतून कळणार नाही. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री आई श्यामला एका वृद्ध महार बाईची लाकडाची मोळी उचलून द्यायला पाठवते. त्या काळच्या कोकणात एका ब्राह्मण घरातली बाई हे करते आहे, हे ध्यानात घेऊन वाचावे.

आणि आपल्या वऱ्हाडातल्या मुलांना तर या पुस्तकाचा उत्तरार्ध वेगळाच भिडतो. तिथे समुद्र आहे, नारळी-पोफळी आहेत. आपल्याकडे कपाशी, तूर आणि काळी माती. पण सावकाराचे कर्ज दोन्हीकडे सारखेच. कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक, असे एका रात्रीचे नावच आहे. वसुलीसाठी दारात येऊन बसलेला माणूस, त्याचे टोचून बोलणे, घरातल्या बाईची होणारी विटंबना, आजारपण अंगावर काढणे. आपल्या वर्गांत ज्या बाकांवर आपण बसलो, त्या बाकांवर अशा घरांतून आलेली मुले होती आणि आजही आहेत. घरातली अडचण मित्रांना कळू नये म्हणून ती गप्प बसतात. अशा मुलाला हे पुस्तक सांगते, की घरची गरिबी ही त्याची लाज नाही. मला वाटते, हे काम दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकाने इतक्या मुलांसाठी केलेले नाही.

गुरुजींच्या बाकीच्या पुस्तकांकडे मात्र आपले फार दुर्लक्ष झाले. त्यांचे इंग्रजी वाचन मोठे होते. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ही फ्रेंच महाकादंबरी त्यांनी ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली. पावासाठी चोरी करून आयुष्यभर शिक्षा भोगणारा माणूस त्यांना भावला, यात नवल नाही. जॉर्ज इलियटची ‘सायलस मार्नर’ त्यांच्या हातून ‘मनूबाबा’ झाली. एकटा, माणसांतून उठलेला, मोहरा मोजत बसणारा एक विणकर. त्याचे धन चोरीला जाते, आणि एके दिवशी एक अनाथ पोर त्याच्या घरात रांगत येते. त्या पोरीला वाढवता वाढवता तो पुन्हा माणसांत येतो. गुरुजी अविवाहित राहिले, पण कितीतरी परक्या मुलांचे आईबाप झाले. ‘मनूबाबा’ वाचताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. मुलांसाठी ‘गोड गोष्टी’ लिहिताना त्यांनी साता समुद्रापलीकडच्या कथा आपल्या अंगणात आणल्या. हेन्री थॉमस यांच्या पुस्तकावरून त्यांनी मानवजातीचा इतिहास सांगितला, टॉलस्टॉयचा कलाविषयक ग्रंथ मराठीत आणला, इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिले. एका हिंदू घरातल्या मुलाला पैगंबरांचे चरित्र आदराने सांगणारे पुस्तक मिळावे, ही त्यांची तळमळ होती.

‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी नववी-दहावीच्या वयाची. तिच्यात वसतिगृह आहे, स्वामी नावाचा शिक्षक आहे आणि देशासाठी काही करू पाहणारी मुले आहेत. अमळनेरचे दिवस मागे पडले तरी गुरुजींनी ती मुले मनातून सोडली नव्हती, हे पानोपानी दिसते.

तुरुंगाबाहेरही त्यांना विसावा नव्हता. १९३६ साली खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. १९४२ च्या लढ्यात भूमिगत झाले, पुन्हा तुरुंगात गेले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांनी वीस वर्षे आधी सत्याग्रह उभारला होता, त्यामुळे या लढ्याचा अर्थ आपल्या भागाला समजावून सांगण्याची गरज नाही. मोळी उचलून देणाऱ्या मुलाचा प्रवास असा पंढरपूरपर्यंत झाला.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. या काळात त्यांनी पुतणी सुधा हिला पत्रे लिहिली. फुले, पाखरे, पाऊस, पुस्तके, देशातल्या घडामोडी, थोर माणसे, जे जे मनात येई ते त्या पत्रांत आहे. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुस्तकरूपाने निघाली. मुलाशी लहान होऊन बोलताना त्याला कमी लेखायचे नसते, हे ज्यांना शिकायचे आहे त्या पालकांनी आणि शिक्षकांनी ही पत्रे वाचावीत.

गांधीजींच्या हत्येने त्यांच्या मनाला खोल जखम झाली होती. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. स्वातंत्र्यानंतरचे वातावरण पाहून ते अधिकाधिक उदास होत गेले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन स्वतःचे जीवन संपवले.

मुलांना गुरुजींची ओळख करून देताना आपण बहुधा इथे अडखळतो आणि विषय बदलतो. माझ्या मते मोठ्या मुलांपासून हे लपवू नये. आपल्या वऱ्हाडात तर मुळीच नाही. इथे कितीतरी घरांनी हे दुःख सोसले आहे आणि त्या घरांतली मुले आपल्याच शाळांत येतात. इतका प्रेमळ, इतक्यांना धीर देणारा माणूसही आतून खचू शकतो, हे त्यांना सांगावे. त्यात त्याचा गौरव करू नये आणि त्याला दोषही देऊ नये. मन जड झाले तर जवळच्या माणसापाशी, शिक्षकापाशी, डॉक्टरपाशी बोलून मोकळे व्हायचे असते, हेही त्याच वेळी सांगावे. रात्रभर दुसऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसालाही कुणीतरी उशाशी हवे असते.

गुरुजी गेल्यावर आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि ते मिळवणारा तो देशातला पहिला चित्रपट. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे होऊन गेल्याने आता गुरुजींची पुस्तके कुणालाही छापता येतात. त्यामुळे ती स्वस्तात मिळतात.

आता ज्यासाठी लेख लिहायला घेतला त्या प्रश्नाकडे येतो. चौथी ते सहावीच्या मुलाला ‘गोड गोष्टी’ द्याव्यात. ‘श्यामची आई’ नुसती हातात देऊ नये, मोठ्याने वाचून दाखवावी. रोज एक रात्र. ४२ रात्री म्हणजे आपली उन्हाळ्याची सुटी. गच्चीवर अंथरूण टाकले की वाचायला बसावे. कोकणातले जे शब्द अडतील ते सांगावेत, जे आपल्यालाही येत नाहीत ते दोघांनी मिळून शोधावेत. सातवी-आठवीला ‘मनूबाबा’ आणि ‘सुंदर पत्रे’. नववी-दहावीला ‘धडपडणारी मुले’ आणि ‘दुःखी’. ‘दुःखी’ आवडली तर ह्यूगोची मूळ कादंबरी इंग्रजीतून वाचायला सुचवावी. आपली आवड मुलाची आवड होईलच असे नाही. एखादे पुस्तक त्याने अर्ध्यावर टाकले, तर रागावू नये, दुसरे द्यावे.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक पुस्तक शाळेच्या ग्रंथालयासाठी आणावे, अशी माझी विनंती आहे. नवेच हवे असे नाही. पहिल्या पानावर आपले नाव आणि दहावीचे वर्ष लिहावे, आणि ते कपाटात ठेवण्याआधी एखाद्या मुलाच्या हातात द्यावे.